फाटकावरचा भरवसा

अकोल्याच्या आमच्या संगीत मंडळाचे चिटणीस कुणालाही नाही म्हणत नसत. मैफलीची व्यवस्था शिकायला आम्ही कॉलेजातले तिघे वर्षभर त्यांच्या हाताखाली होतो. ते आधी उपरण्याने ओठ टिपायचे, मग हळूच "बापू" म्हणून काम सांगायचे. मला तंबोरे, दुसऱ्याला पाहुण्यांची सरबराई. तिसऱ्याच्या घरच्यांनी नुकतीच बौद्ध दीक्षा घेतली होती. गाता गळा आमच्यात त्या एकट्यालाच होता. त्याला फाटक.

एकदा मैफलीत गाता गाता गायिका बाईंना ठसका लागला. पाणी हवंय असा निरोप फाटकावर पोचताच तो पाण्याचा पेला घेऊन धावत आत आला. चिटणीसांनी पडद्याआडच हसून तो पेला उपरण्यात धरून घेतला, पाणी खिडकीबाहेर ओतलं आणि घरून आणलेल्या तांब्यातलं बाईंना दिलं.

"बाईले कोमट लागते," ते त्याला म्हणाले. "तू फाटकच सांभाय, बापू. तुह्यासारखा भरवशाचा माणूस मले दुसरा नाई."

वर्षाच्या शेवटच्या मैफलीत त्यांनी व्यासपीठावरून त्याचंच कौतुक केलं. तो तेव्हाही फाटकावर होता. तिथपर्यंत ना गाणं पोचायचं, ना भाषण. टाळ्या तेवढ्या पोचायच्या.