जाळीवरचं कुंकू

पहाटे, अजून डोळा नीट उघडलेला नसतो, तेव्हा माझी दोन बोटं परत येतात. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. गिरणीतून नुकताच पडलेला कोमट तांदूळ त्यांना लागतो, थोडा कोंडा चिकटतो आणि मला फार बरं वाटतं. मग उत्रोलीच्या रस्त्यावरून पहिली एसटी जाते, मी जागा होतो आणि हात पुन्हा अपुरा होतो. आधी याचं रडू यायचं. आता एसटी उशिरा यावी म्हणून मी पडून राहतो, आणि आमची एसटी एवढी इच्छा बऱ्याचदा पुरी करते.

अर्धं आयुष्य मी भाताच्या गिरणीत यंत्र चालवत आलो. खंडेनवमीला आम्ही त्या यंत्राची पूजा करतो. त्या दिवशी मोटरच्या पट्ट्यावरची लोखंडी जाळी पान्याने सोडवायची, चाक पुसून लख्ख करायचं आणि त्यालाच कुंकू लावायचं, त्यालाच झेंडूची माळ घालायची. जाळीला कुंकू लावणं म्हणजे देव सोडून दाराला हात जोडणं, असं सगळ्यांना वाटायचं. मलाही. यंत्र सुरू करताना माळ काढून वरच्या खिळ्याला अडकवायची. पण ताज्या कुंकवावर लोखंड कसं झाकायचं, म्हणून जाळी भिंतीला टेकून राहायची ती पार दिवाळी होऊन गेली तरी. नेमकं त्याच दिवसांत हिर्डोशीकडून नवं भात यायला लागतं आणि पट्ट्याला उसंत नसते.

त्या वर्षी सुकलेली माळ खिळ्यावरून सुटली. दारातून येणाऱ्या उन्हात तूस तरंगत होतं. त्या पिवळ्या धुरळ्यातून ती इतकी सावकाश खाली आली, की मला वाटलं, सहज झेलू. पूजेची माळ पायाखाली जाऊ द्यायची नाही, एवढंच हाताला ठाऊक. हात गेला. आवाज मला आठवत नाही, झेंडूचा वास तेवढा आठवतो.

गिरणीचे मालक वयाने माझ्याहून लहान. त्यांनीच टेम्पोत घालून मला भोरला नेलं, तिथून पुण्याला. माझा पगारही घरी पोचता होत राहिला. माणूस भला. पण माझ्या हाताकडे त्यांना बघवायचं नाही. भेटायला आले की माझ्या कानामागच्या भिंतीशी बोलायचे.

घरी मी ओटीवर बसून असायचो. नीरा नदीवरचं धुकं शेतात शिरायचं, मग अंगणात यायचं, आणि आपण जागे आहोत की झोपेत, हेच कळेनासं व्हायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, उरलेली बोटं ताठरली तर सगळाच हात कामातून जाईल. तांदळात हात घालून रोज मूठ उघडा, मिटा. बायकोने घमेलं भरून पुढ्यात ठेवलं. गिरणी सुटली पण तांदूळ काही सुटत नाही, असं म्हणाली आणि स्वतःच हसली. मलाही हसू आलं. किती दिवसांनी आलं होतं.

मूठ जरा वळायला लागली आणि एक दिवस मालक आले. पगार येत राहील, म्हणाले, पण आता गिरणीत यायचं नाही, आराम करायचा. माझं डोकंच फिरलं. वाटेने जाणाऱ्याला ‘कुठं निघाला’ विचारत उरलेलं आयुष्य ओटीवर काढायचं, या विचाराची मला पट्ट्यापेक्षा जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मी चालत गिरणीत गेलो. मालकांनी पाहुण्यासारखी खुर्ची दिली, चहा मागवला. कामावर घ्या म्हटल्यावर ते म्हणाले,

“काका, परत काय झालं तर काकूला म्या कुठल्या तोंडानं सांगू?”

जाळी अजून भिंतीला टेकलेली होती. तिच्यावर कोळ्याने आपलं जाळं विणलं होतं.

“मला घरी बसवलं म्हंजी पट्टा झाकला जात न्हाई, मालक. त्यो झाका. मी येतो.”

मालकांनी उठून पाना शोधला आणि जाळी पट्ट्यावर बसवली. पुढे यंत्राचं बटण माझ्या डाव्या हाताशी आलं, पोती दुसऱ्यांनी उचलायची ठरलं, आणि सुरुवातीला मी अर्धाच दिवस थांबायचो. पहिल्या दिवशी पट्टा फिरू लागला आणि मला तिथं थांबवेना. बाहेर जाऊन चिंचेखाली बसलो. कोणी हाक मारली नाही, बरं केलं. थोड्या वेळाने मी आपणहून आत गेलो.

यंदा खंडेनवमीला मालकांनी सवयीने पाना उचलला, बोल्टाला लावला आणि थांबले. मग माझ्या हाताकडे त्यांनी पहिल्यांदा नीट बघितलं आणि कुंकवाची वाटी माझ्यापुढे धरली. कुंकू लावायचं बोट तर माझ्याकडे नाही. मी मधलं बोट बुडवून जाळीवर टेकवलं. माळही जाळीलाच बांधली.

नवं भात आलं, पट्टा दिवसभर फिरू लागला. एका दुपारी माळेतलं एक फूल सुटलं आणि त्याच पिवळ्या धुरळ्यातून सावकाश खाली पायाशी पडलं. माझा हात निघाला. गेलेली बोटंसुद्धा निघाली, मला जाणवलं. मी हात मागे घेतला. संध्याकाळी पट्टा थांबल्यावर फूल उचललं आणि कपाळाला लावलं.