‘नाही’ म्हणायची सोय नव्हती

आमच्या ट्रस्टच्या कॉम्प्युटर रूममधले आम्ही दोन-तीन जुने लोक भेटलो की चहा गार होतो. एकानं किस्सा काढला की दुसऱ्याला त्याहून भारी आठवतो, आणि गाडी शेवटी चेअरमनसाहेबांवर येऊन थांबते. साहेब आजही धडधाकट आहेत, म्हणून बिनधास्त सांगतो.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. ट्रस्टचा औषधांचा साठा हिंगोलीला आणि दवाखाने सेनगाव, साखरा, कुरुंद्याला. सेनगावच्या प्रोग्रामनं फोनच्या लाइनवरून हिंगोलीच्या प्रोग्रामला विचारायचं, अमुक औषध किती आहे, आणि त्यानं उत्तर द्यायचं. एवढंच काम! पण त्याआधी दोघांमध्ये करार लिहावा लागतो: प्रश्न कोणते, सोबत माहिती काय द्यायची, उत्तर कशा प्रकारचं येणार. त्याला इंटरफेस म्हणतात. करारात नसलेलं उत्तर समोरच्या प्रोग्रामला देताच येत नाही.

हा करार प्रेमदासनं लिहिला. सेनगावजवळच्या तांड्यावरचा हा गडी औरंगाबादला शिकून आला होता आणि माझ्या शेजारी बसायचा. त्याचा अख्खा करार एका पानात मावला होता.

*

साहेबांनी ते पान कार्यकारिणीच्या बैठकीत ठेवलं. वर हेडिंग, ‘ठराव क्रमांक सात’! सूचक, अनुमोदक, सगळं रीतसर.

पहिल्याच प्रश्नाचं नाव होतं ‘साठा_सांग’. साहेब भडकले. “सेनगावनं हिंगोलीला ‘सांग’ म्हणायचं? खालच्यानं वरच्याला? काहून?”

“साहेब, ही माणसं न्हाईत, प्रोग्राम हायेत,” प्रेमदास म्हणाला.

“असू दे. शिस्त सगळ्यांला बराबर पाहिजे!”

शेवटी नाव पडलं ‘कृपया_साठा_कळविण्यात_यावा’. प्रेमदासनं ते दोन्हीकडे टाइप केलं.

*

पुढची सुधारणा हुद्द्याची. कोण विचारतंय हे कळल्याशिवाय उत्तर कसं द्यायचं, असं साहेबांचं म्हणणं. मग प्रश्नासोबत हुद्दा पाठवणं सक्तीचं झालं. मोठ्या हुद्द्याला आधी उत्तर, नर्स रांगेत शेवटी.

सेनगावच्या दवाखान्यात कांबळे सिस्टर होत्या. समोर सकाळपासून लेकरं घेऊन बाया बसलेल्या, आणि स्क्रीनवर ‘कृपया प्रतीक्षा करा’. दोन दिवस त्यांनी प्रतीक्षा केली. तिसऱ्या दिवशी हुद्द्यात ‘चेअरमन’ निवडलं. उत्तर फटकन आलं!

महिनाअखेरी साहेबांनी कुणी काय विचारलं त्याची यादी मागवली. चेअरमननी एका दिवसात अकरा वेळा जुलाबाच्या पावडरीची चौकशी केलेली! साहेबांनी दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाले, “हा कागद बाहेर जाऊ देऊ नका.”

*

उत्तरात प्रेमदासनं सरळ आकडा ठेवला होता. साठा संपला की शून्य. ते शून्य साहेबांना सोसेना.

“आपल्या ट्रस्टमधी औषध न्हाई, असं लेखी द्यायचं? उद्या देणगीदार वाचतील!”

त्यांनी स्वतःच्या हातानं मजकूर लिहून दिला: ‘साठा लवकरच उपलब्ध होईल. आपला विश्वासू.’ शून्याच्या जागी हेच वाक्य जाणार. खाली सही, शिक्का.

कांबळे सिस्टर एसटीनं हिंगोलीला आल्या. “साहेब, साप चावलेलं माणूस आलं तर हाय कळल्यावर मी इंजेक्शन मागवते, न्हाई कळल्यावर त्याला जीपमधी घालून दुसरीकडं पाठवते. ‘लवकरच’वर त्याला किती येळ बसवू? मला ‘न्हाई’ पाहिजे.”

साहेब हसले. “सिस्टर, तुमी लई निगेटिव्ह विचार करून राहिल्या.”

पुढं सोयाबीन काढताना एका बाईला साप चावला. तिला सेनगावला आणलं तेव्हा सिस्टर जेवायला गेल्या होत्या. नव्या नर्सनं ‘लवकरच’ वाचलं आणि बाईला बाकावर बसवून ठेवलं! सिस्टरनी आल्या आल्या तिला जीपमध्ये घातलं म्हणून ती वाचली. त्या वाक्याची मला आजही चीड येते. आम्ही ते बदलू द्या म्हटलं, तर साहेब म्हणाले, “ठराव झालाय.”

*

आता शेवटचा. त्याच वर्षी, दिवाळीच्या आसपास, मी मोडेम दुरुस्त करायला सेनगावला गेलो होतो. साहेबांचं शेत तिथून जवळच. तुरीत फिरताना त्यांच्या पायाला साप चावला, आणि दोन माणसं त्यांना धरून दवाखान्यात घेऊन आली. चेहरा पांढराफटक, सदरा घामानं चिंब.

सिस्टरनी पायावरच्या दातांच्या दोन खुणा बघितल्या. “जीप दारात उभी हाय. बसा.”

साहेब खुर्चीचा हात सोडेनात. “आधी कॉम्प्युटरला विचारा! मग तो ठेवला कशाला?”

सिस्टर वाद घालत बसल्या नाहीत. हुद्द्यात ‘चेअरमन’ निवडलं, बटण दाबलं. उत्तर फटकन आलं. त्यांनी मॉनिटर साहेबांकडे फिरवला.

साहेबांनी ते दोनदा वाचलं.

“म्हंजे? हाय का न्हाई?”

सिस्टरनी त्यांच्या बगलेत हात घालून त्यांना उठवलं.

“ते तुमीच सांगा, साहेब. वाक्य तुमचं हाय.”