शेवटची परीक्षा आईच्या फोनवर

रियाधमध्ये महागडे स्पीकर घेण्याची माझी ऐपत नाही. म्हणून घरी एखाद्या गाण्याचं मिक्सिंग केलं, की मी ते आधी हेडफोनवर ऐकतो, मग गाडीत, मग बत्हाच्या बाजारातून आणलेल्या भिकार स्पीकरवर. शेवटची परीक्षा व्हायची रत्नागिरीला, आईच्या जुन्या फोनवर. "शब्द कळत नाहीत, ते ढमढम कमी कर," असं ती दटावायची. राग यायचा, पण तिचंच खरं असायचं.

आई गेल्यावर, तिनं स्वयंपाक करता करता गाऊन मला पाठवलेलं एक गाणं मी साफसूफ केलं, मागे पेटी घातली आणि सवयीनं तिच्याच नंबरवर पाठवलं. तो फोन आता बाबांकडे असतो. त्यांचा लगेच फोन आला.

"मध्ये ती मला हाक मारते, ती कुठं गेली?"

"कापली, बाबा. गाण्यात मध्येच येत होती."

"गाणं राहू दे तुझं. तेवढी हाकच पाठव."

पाठवण्याआधी "अहो, चहा निवतोय" एवढंच मी हेडफोनवर ऐकलं, गाडीत ऐकलं, त्या भिकार स्पीकरवरही ऐकलं. सगळीकडे शब्द न् शब्द कळत होता.