अर्धे उठलेले अण्णा

चित्रपट पुरस्कारांच्या सोहळ्यात माझ्या पुढच्याच रांगेत अण्णा बसले होते. पडद्यावर अर्ध्या महाराष्ट्राचा बाप झालेला हा नट, पण पुरस्कार एकदाही घरी आला नव्हता. "उत्कृष्ट सहाय्यक अभिनेता..." एवढं ऐकूनच अण्णा खुर्चीतून अर्धे उठले आणि नाव पुकारलं गेलं भलत्याचंच! अशी शांतता पसरली, की परीक्षकांच्या पोटात विजेत्याच्या निर्मात्यानं चारलेली बासुंदी ढवळताना मला स्पष्ट ऐकू आली. अण्णा मात्र उरलेले अर्धेही उठले आणि कडाडून टाळ्या वाजवू लागले. मग काय, अख्खं सभागृह उभं! जगातला निम्मा मोठेपणा असाच, परत बसायची सोय न राहिल्यामुळे जन्माला येत असावा. विजेता धावत येऊन अण्णांच्या पाया पडला. त्याला आशीर्वाद देता देता अण्णा शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडे, म्हणजे आमच्या वहिनींकडे, वाकून पुटपुटले, "आता तरी बसू का गं?"

"थांबा हो," वहिनी हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाल्या, "कॅमेरा अजून तुमच्यावरच आहे."