कुलूप न उघडलेली बॅग

दसऱ्याच्या दिवशी आमच्या घरी पाटावर विळा, कुऱ्हाड, आईची कात्री आणि बाबांचं रिव्हॉल्व्हर मांडलं जायचं. पूजा झाली की बाबा ते तेलाच्या फडक्याने पुसायचे आणि त्याच हातांनी आम्हाला आपट्याची पानं द्यायचे. त्या पानांना लोखंडी, गोडसर तेलाचा वास यायचा. मला तेव्हापासून त्या वासाने मळमळतं. हे मी घरात कधी बोललो नाही. पन्नाशी उलटली तरी नाही.

परवाना शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बागेच्या राखणीसाठी घेतला, असं बाबा सांगतात. बागेत त्यांनी एकही गोळी झाडल्याचं मला आठवत नाही. डुकरांना फटाके पुरायचे. हत्यार दिसायचं ते लग्नात, सदऱ्याखालून, बाबा पंगतीत वाकले की. लोक त्यांना आग्रहाने दोन जिलब्या जास्त वाढायचे आणि बाबांना तो आपला मान वाटायचा.

गेल्या हिवाळ्यात त्याची चक्री अडकायला लागली. बाबा आता अमरावतीला माझ्याकडे असतात, कमरेखालचं अंग त्यांचं ऐकत नाही. दुरुस्तीचा परवाना असलेला ओळखीचा दुकानदार अकोल्याला. बाबा जाऊ शकत नव्हते आणि माझ्या नावावर परवाना नाही. मी घाबरट माणूस. आधी पोलीस ठाण्यात विचारून आलो. तिथल्या जमादाराने नीट समजावलं. परवानाधारकाने लेखी अधिकार दिला तर दुसऱ्याला हत्यार दुरुस्तीला नेता येतं.

"गोया घरीच ठेवा. हत्यार रिकामं, कुलपात. कागद सोबत. कुठं सोडू नका, कोनाले दाखवू नका, आन सरळ दुकानात जा," तो म्हणाला.

सगळं तसंच केलं. बाबांनी सही केली. मी रिव्हॉल्व्हर जुन्या बनियनमध्ये गुंडाळून रेक्झिनच्या काळ्या बॅगेत ठेवलं, चेनला छोटं कुलूप लावलं आणि निघालो. एकच गोष्ट पाळली नाही. सरळ गेलो नाही.

मूर्तिजापूरच्या अलीकडे फाट्यावरून आत माझ्या धाकट्या बहिणीचं सासर आहे. बहिणीच्या फाट्यावरून न थांबता जाणं म्हणजे आमच्याकडे संबंध तोडल्यासारखं. आणि बाबांनी मी निघायच्या आधीच जवाईबुवांना फोन केला होता. मी काय घेऊन येतोय हे सांगायला, ते मला मागाहून कळलं.

बॅग गाडीत सोडायची नव्हती म्हणून मी ती घरात नेली. बहिणीने पाणी दिलं, चहा ठेवला. मी बॅग मांडीवर घेऊन बसलो.

"काय दादा, सोनं आनलं काय? खाली ठेव न," बहीण म्हणाली.

"राहू दे."

जवाईबुवा मिशीत हसले. "राहू दे वं, साळेबुवांचं नाजूक सामान हाय. चाला दादा, तूर पाहून घ्या. भल्ली आली औंदा. चाय वावरातून आल्यावर."

जवाई चला म्हणाले की उठायचं, हे आमच्या हाडात आहे. मी उठलो. बॅगही माझ्याबरोबर उठली. तिला कुठं सोडायचं नव्हतं ना.

तूर खरंच चांगली होती. तिच्या पलीकडे धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेने नांगरलेला एक ताजा पट्टा दिसला. मी तो ओळखला. ती पांदण होती, वावरांमधून जाणारी गाडीवाट. बहिणीच्या लग्नात गावाच्या मुख्य रस्त्यावर चिखल होता म्हणून आमच्या वऱ्हाडाच्या बैलगाड्या याच पांदणीने गावात आल्या होत्या. मी पहिल्या गाडीत होतो.

"इथली वाट कुठं गेली?" मी विचारलं.

"वाट कायची? आमचं वावर हाय," जवाईबुवा म्हणाले. "त्या पलीकडच्याले सवय लागली होती जायची. त्यानं तहसीलमधी केस टाकली. पुढच्या हप्त्यात साहेब मोका पाहाले येऊन राहिले. पाह्यलं, थो काय हरभऱ्यात."

पलीकडे माझ्याच वयाचा एक माणूस आणि त्याची बायको हरभरा उपटत होते. त्यांचं घर गावाच्या त्या टोकाला, बुद्धविहाराच्या अलीकडे. तिकडं आमच्यासारखे पाहुणे सहसा जात नाहीत. त्याच्या वावरात जायला ती एकच वाट होती. दुसरी नाल्यातून, आणि पावसाळ्यात नाल्यातून बैलसुद्धा उतरत नाहीत. वाट गेली म्हणजे त्याचं वावरच गेल्यासारखं होतं.

जवाईबुवांनी त्याला हाक मारली. तो धुऱ्याशी आला.

"हे आमचे साळेबुवा, अमरावतीचे," असं म्हणून त्यांनी माझ्या बॅगेवर थाप मारली. "सामान घेऊन आले."

"कायचं सामान?"

"आता कुलूप खोलाले लावता काय? सासरेबुवाचं हाय. मालूम हाय न तुमाले, त्यायच्यापाशी काय असते थे?"

तो बॅगेकडे पाहत राहिला. मग त्याने डोक्याचा दुपट्टा काढून हातात घेतला. त्याची बायको तिकडे उपटायची थांबली.

त्या वेळी काय बोलायचं ते मला माहीत होतं. 'दुरुस्तीला चाललंय, बिघडलंय, गोळ्या घरी आहेत.' एवढंच. मी बोललो नाही. उलट बॅगेचा पट्टा खांद्यावर वर सरकवला. आणि हेही लिहिलं पाहिजे की माझी पाठ ताठ झाली. तीस वर्षं वर्गात पोरांसमोर उभा राहतो, कुणी माझ्यासमोर असं गप्प झालं नव्हतं. क्षणभर मला ते बरं वाटलं. मग घशात तो तेलाचा वास आला, बंद बॅगेतून यायचं कारण नसताना.

"चाय घेता काय साहेब?" त्या माणसाने विचारलं. ज्याची वाट नांगरून टाकली तो मला चहा विचारत होता.

"नाही, आत्ताच घेऊन आलो," मी म्हणालो. तेही खोटं. बहिणीचा चहा अजून चुलीवर होता.

परत येताना जवाईबुवा खुशीत होते. "पाह्यलं? निस्तं बोललो. तुमचा हात लागला काय कशाले? नाई लागला. कायद्यानं सगळं बरोबर हाय."

बहिणीने दिलेला चहा मी दोन घोटांत संपवला. तिच्याकडे पाहिलं नाही.

अकोल्यात दुकानदाराने हत्यार उलटंसुलटं पाहिलं, कागद तपासले आणि ठेवून जायला सांगितलं. मी बाहेर येऊन नळावर हात धुतले. दुकानात हत्याराला हात त्यानेच लावला होता, तरी धुतले.

चार-सहा दिवसांनी बहिणीचा फोन आला. आवाज दबलेला. "दादा, थो केस मांगं घेतो म्हन्ते. हे गावात सांगून राहिले का माह्या साळ्यानं एका चकरीत काम केलं. तू काय केलं रे तिथं?"

"काही नाही," मी म्हणालो.

"काई नाई केलं त थो काहून भेला?"

मी फोन ठेवला. बाबा पलंगावरून ऐकत होते. त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते जावयावर चिडतील, निदान गप्प होतील. बाबा हसले. दात नसलेल्या तोंडाने, पोट हलेपर्यंत हसले.

"कुलूपसुद्दा खोललं नाई? वा रे बाप्पा! मंग हत्यार अजून चालते."

मी बाबांचं सगळं करतो. त्यांचं अंग पुसतो, भांडं काढतो, त्याची मला कधी शिसारी आली नाही. त्या हसण्याची आली. मी त्यांची उशी सरळ करायला गेलो होतो, तसाच मागे फिरलो. हे मुलाने बापाबद्दल लिहू नये, पण ज्या किळसेबद्दल लिहितो आहे त्यातली अर्धी तिथली आहे. उरलेली अर्धी माझ्या ताठ झालेल्या पाठीची.

मोका पाहणीच्या दिवशी मी कॉलेजातून रजा घेऊन गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. साहेब धुऱ्यावर उभे होते, सोबत तलाठी. जवाईबुवा मला पाहून आनंदले. "या साळेबुवा! बरं केलं, आले."

मी साहेबांना नमस्कार केला आणि सांगून टाकलं. इथं पांदण होती. माझ्या बहिणीच्या लग्नाचं वऱ्हाड याच पांदणीने आलं. पहिल्या गाडीत मी होतो. हवं तर लिहून देतो.

जवाईबुवांचं तोंड उतरलं. "दादा, काय बोलून राहिले तुमी? घरचा मानूस!"

"घरचा आहे म्हणूनच बोलतो."

साहेबांनी त्या माणसाकडे वळून विचारलं, "हे म्हणतात वाट होती. तुमचं काय म्हणणं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, खांद्याकडे. मग खाली बघत म्हणाला, "मले केस चालवाची नाई साहेब. आमी नाल्यातून जातो. काई तकलीफ नाई."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझ्या खांद्यावर तीच बॅग होती. सकाळी निघताना पाण्याची बाटली, चष्मा आणि बहिणीसाठी चिवडा असं हाताला लागेल त्या बॅगेत कोंबलं होतं. चेनला ते छोटं कुलूप अजून लटकत होतं, उघडंच, पण लटकत होतं.

मी तिथंच बॅग उघडली. बाटली काढली, चष्म्याचं घर काढलं, चिवड्याची पिशवी काढली, बॅग उलटी करून झटकली. "बघा, काही नाही. ते बिघडलंय. अकोल्याला आहे."

जवाईबुवा मोठ्याने हसले. तलाठीही हसला. "मास्तर, चिवड्यानं भेवाडता काय?"

तो माणूस हसला नाही. त्याने तलाठ्याच्या कागदावर सही केली. मी साहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "अर्जदारच नको म्हणतोय. मी काय करू?"

सगळे निघाल्यावर मी त्याच्या मागोमाग गेलो. त्याला सांगितलं, पुन्हा अर्ज करा, मी येईन, लागेल तितक्या वेळा येईन.

"तुमी येसान साहेब," तो म्हणाला, "आन सांगून अमरावतीले जासान. मले इथंच राहा लागते." मग जरा थांबून, "आज खाली होती. थ्या दिवशी त भरेल होती न?"

"त्या दिवशीही गोळ्या नव्हत्या."

"थे तुमी आता सांगून राहिले."

तो नाल्याकडे वळला. त्याची बायको हरभऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन आधीच उतरत होती, एका हाताने काठावरची बाभूळ धरून.

बहीण त्यानंतर फोन करत नाही. अकोल्याच्या दुकानदाराने दोनदा निरोप दिला की हत्यार दुरुस्त झालं, घेऊन जा. बाबा रोज विचारतात, "आनलं काय रे?" दुसरा लेखी अधिकार त्यांनी करून ठेवला आहे, सहीसकट. मी त्यांना सांगितलं की मी आणणार नाही, आणि विकायचं असेल तर त्याच्या कागदांसाठी लागेल तितकी धावपळ करीन. बाबांनी तोंड भिंतीकडे केलं. त्यांचं जेवण मी भरवतो, ते खातात, बोलत नाहीत.

ती बॅग मी जाळली नाही, फेकली नाही. दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर जायला नको म्हणून माळ्यावर ठेवली आहे. पावसाळा आता लागेल. नाल्याला पाणी आलं की तो माणूस वावरात कसा जाईल, हे मला रोज सकाळी आठवतं, बाबांचे पाय पुसताना.