अध्यक्षांसाठी चिंचोळा टाइप

संगमरवरावर कोरलेलं नाव अमर होतं. म्हणूनच अध्यक्ष बरवे यांनी वाचनालयाच्या कोनशिलेवरून ग्रंथपाल लीलाताईंचं नाव उडवलं. "जागा कुठाय हो?" म्हणाले. ताईंनी तिथं आयुष्य घातलं होतं. शिलेवरची अक्षरं आखायचं काम माझ्याकडे होतं. मी मनात दात विचकले आणि जुना चिंचोळा टाइप सुचवला. वर्तमानपत्राच्या रकान्यात लांब मथळे कोंबायला घडवलेला. उभ्या रेघा जाड, टोकांना बारीक नखं.

"यात तुमच्या सगळ्या पदव्या मावतील, साहेब. खाली ताईही मावतील."

नमुना पाहून ते म्हणाले, "भारदस्त आहे!"

अशा टाइपात र आणि व चिकटून त्यांचा ख होतो, हे मी बोललो नाही. उद्घाटक पाहुणे कोनशिला वाचून भाषणभर त्यांना 'माननीय बखेसाहेब' म्हणत होते.