उल्कामानवाचं पारायण

किस्से आमच्या नक्कल विभागात जुन्या दाव्यांसारखे साठतात. एक निकाली काढावा, तर दुपारच्या डब्यापर्यंत दोन नवे दाखल! धाराशिवातल्या एका कोर्टात मी जुन्या कागदांच्या खऱ्या नकला देतो. अठ्ठावीस वर्षं हेच काम, त्यामुळं लग्नपत्रिकासुद्धा मी आधी शिक्का कुठंय ते बघून मग वाचतो. पण गेल्या वर्षातले निम्मे किस्से एकाच माणसानं पुरवले आणि तो माणूस मीच आहे. वय चोपन्न, बीपीची गोळी चालू, आणि या वयात मला कॉमिक्सचं वेड लागलं.

जगात कुणालाही कळलं असतं तरी चाललं असतं. फक्त मंगेशला कळू द्यायचं नव्हतं.

मंगेश माझा मुलगा, पुण्यात नोकरीला असतो. तो आठवीत असताना सहामाहीला गणितात आपटला, तेव्हा मी त्याची कॉमिक्सची अख्खी पेटी रद्दीत घातली होती. वर भाषणही दिलं, "आधी मार्क दाखव, मग असली पुस्तकं!" तो रडला नाही. "सगळी?" एवढंच त्यानं विचारलं. पुढं त्यानं मार्क भरपूर दाखवले, पण माझ्याकडं परत काही मागितलं नाही. आता दर रविवारी सकाळी फोन येतो. "जेवलात का? गोळी घेतलीत का? बरं, ठेवतो." तीन मिनिटं. मला त्या तीन मिनिटांचं वाईट वाटतं, पण ते त्याला कसं सांगायचं हे काही मला जमलेलं नाही.

*

तर सुरुवात झाली बसस्टँडमागं, ख्वाजाभाईंच्या रद्दीच्या दुकानात. पेपरची रद्दी घालायला गेलो होतो. ते वजन करेपर्यंत हाताला काहीतरी चाळा म्हणून एका सुतळी बांधलेल्या गठ्ठ्यातलं वरचं पुस्तक ओढलं. कव्हरवर पिवळा केप घातलेला एक पैलवान खांद्यावर पूल घेऊन उभा. परदेशी कॉमिक्सचं जुनं मराठी भाषांतर होतं ते. नाव उल्कामानव. हा मनुष्य चाळिसाव्या मजल्यावरून पडताना "हाय दैवा!" म्हणतो, आणि खलनायक त्याला वरून "मर, चांडाळा!" असं शुद्ध मराठीत ओरडतो. मी हसायला म्हणून वाचायला लागलो. हसायचं कधी थांबलो ते कळलं नाही.

"साहेब, बैठ के पढो," ख्वाजाभाई म्हणाले. "खडे-खडे पाँव सुजते."

पाऊण तासानं मी पोत्यावरून उठलो आणि गठ्ठा केवढ्याला म्हणून विचारलं.

"ले जाओ. बारा पार्ट हैं, तेरवां नै. आखरी पार्टच नै, तो बरसों से कोई हात नै लगाया. किसके वास्ते ले रहे?"

"पुतण्यासाठी," मी ठोकून दिलं. "आठवीत आहे."

ख्वाजाभाईंनी माझ्या नाकावरचा चष्मा बघितला, हातातलं उघडं पान बघितलं आणि म्हणाले, "भतीजे कू चष्मा बी आपकेच नंबर का लगता होंगा!"

*

घरी आणलं खरं, पण ठेवायचं कुठं? सौभाग्यवतीच्या पोटात गोष्ट राहील, पण मंगेशचा पुढचा फोन येईपर्यंतच. शेवटी घरातलं पोथी बांधायचं जुनं लाल फडकं घेतलं, त्यात बाराही भाग बांधले आणि बाहेरच्या खोलीत पाटावर ठेवले. देवी क्षमा करो. रोज सकाळी आंघोळ करून पाटासमोर बसायचं, फडकं अर्धं उघडायचं आणि ओठ हलवत वाचायचं.

सौ. दारात येऊन उभी राहिली आणि तिचा चेहरा एकदम मवाळ झाला. "पारायण धरलंत व्हय? बोलला न्हाईत!"

मी मान हलवली. तिथंच फसलो.

पारायण म्हटल्यावर कांदा-लसूण बंद. सुपारी बंद. दिवसातून एक वेळ जेवण, दुसऱ्या वेळी दूध आणि एक केळं. शेजारणी येऊन लांबून हात जोडून जायच्या. पलीकडच्या घरातल्या काकूंनी तर एकदा "बघा, ह्यांना म्हणतात संसारात राहून विरक्ती!" असं स्वतःच्या नवऱ्याला मोठ्यानं सुनावलं. त्या वेळी उल्कामानव एका राक्षसी खेकड्याच्या नांगीत अडकला होता आणि मला विरक्ती सोडून सगळं वाटत होतं. तीन आठवड्यांत माझं चार किलो वजन उतरलं. डॉक्टर खूश! "चालायला लागलात वाटतं," म्हणाले.

सौ.चा मात्र रोजचा एकच प्रश्न. "सांगता कधी? पाच सवाष्णी जेवायला घालायच्यात, आधी सांगायला नको का?"

आता तेराव्या भागाशिवाय सांगता होणार कशी?

*

घरी उपास घडायला लागला म्हणून मी एकेक भाग डब्याच्या पिशवीतून ऑफिसात न्यायला लागलो. निदान वाचताना डबा तरी खाता येईल! सातवा भाग टेबलावर ठेवला होता, त्यातलं एक पान सुटलेलं. शेजारी बांधाच्या भांडणाचा एक जुना गठ्ठा सोडून ठेवलेला. एका वकीलसाहेबांना त्याच्या नकला हव्या होत्या. आमच्याकडं रीत अशी, की गठ्ठ्यात जे असेल त्याची नक्कल जशीच्या तशी द्यायची, आपलं डोकं चालवायचं नाही. ती रीत पाळून गठ्ठा झेरॉक्सला गेला, झेरॉक्स होऊन आला, मी पानामागून पान "खरी नक्कल" असा शिक्का मारला आणि सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब आले आणि त्यांनी माझ्यापुढं एक कागद ठेवला. नकाशा आणि पंचनाम्याच्या मधलं पान. उल्कामानव छपरावरून झेप घेतोय, खाली माझी सही आणि शिक्का.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "बांध दोघा भावांचा. हा तिसरा हिस्सेदार कधी आला?"

आमचे बेलिफ महालिंगआप्पा तिथंच बसले होते. माणूस उमरग्याकडचा, घरी कानडी, चाळीस वर्षं समन्स बजावण्यात गेलेली. त्यांनी पान हातात घेऊन गंभीरपणे बघितलं आणि म्हणाले, "पत्ता द्या. बजावून येतो."

*

त्या दिवसापासून ऑफिसात लपवण्यासारखं काही उरलं नाही. डब्याच्या वेळी तिघांचं वाचन सुरू झालं. मी, आप्पा आणि टायपिस्ट बिराजदार मॅडम.

मॅडमनी पहिला भाग उघडला आणि थबकल्या. पहिल्या पानावर माझ्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं : "सदर पानाचा खालील कोपरा फाटलेला आहे. वरील कोपऱ्यात निळ्या शाईने ३७ असा आकडा आहे. मुखपृष्ठावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे." खाली सही. जुना कागद हाती आला की मी हे करतोच, आपोआप होतं. बाराही भागांवर केलं होतं.

"सर," मॅडम म्हणाल्या, "हे कॉमिक्स हाय का पुरावा?"

मग मी त्यांना उल्कामानवाची थोरवी सांगायला लागलो. म्हटलं, हे पोरासोरांचं काम नाही. यात नायक आधी मरतो, मग जेवतो, मग त्याला मारणारा माणूस त्याला पहिल्यांदा भेटतो! काळाची काय मोडतोड केलीय! मराठी साहित्याला असलं काही जमलं नाही. दहा मिनिटं बोललो.

मॅडमनी डबा बाजूला सारला. मग म्हणाल्या, "वाचून दाखवा बरं एक पान."

मी बोट ठेवून वाचायला लागलो. डावीकडचं वरचं चित्र, त्याच्याखालचं, त्याच्याखालचं. मग उजवीकडं वर.

"सर, तुम्ही पेपरसारखं कॉलमनं वाचताय. हे आडवं वाचायचं असतंय, ओळीनं!"

महिनाभर वाचलेले बाराच्या बारा भाग मी उभे वाचले होते. आप्पा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मला सगळं पहिल्यापासून वाचावं लागलं, म्हणजे घरी पारायणाचं दुसरं आवर्तन, म्हणजे आणखी तीन आठवडे दूध आणि केळं! आणि खरं सांगू? उभं वाचलेलंच जास्त चांगलं होतं.

*

आप्पांची मूळ हरकत वेगळीच होती. उल्कामानव एरवी शाळामास्तर असतो आणि कामगिरीवर निघताना डोळ्यांवर नुसती काळी पट्टी बांधतो. तेवढ्यानं त्याला कुणीच ओळखत नाही, त्याची आईसुद्धा!

"ह्ये न्हाय पटत," आप्पा म्हणाले. "समन्स चुकवायला लोकांनी मिशा काढल्या, फेटे बांधले, एक तर लुगडं नेसून चुलीपुढं बसला. म्या सगळ्यांना वळखलं. पट्टीनं काय हुतंय?"

मी उल्कामानवाच्या बाजूनं भांडलो. पेढ्यांची पैज लागली. रविवारी आप्पा तुळजापूरला दर्शनाला जाणार होते, मी गर्दीतून त्यांच्या समोरून जायचं. मी गॉगल लावला, तोंडाला पंचा गुंडाळला, मेहुण्याचा टी-शर्ट घातला, वर टोपी. आरशात मला मीच ओळखू आलो नाही. महाद्वारासमोर एवढी गर्दी, आप्पा शंभर पावलांवर पेढ्याच्या दुकानापाशी, पाठ माझ्याकडं. ते वळले आणि तिथूनच ओरडले, "रामराम भाऊसाहेब! पंचा काढा, घाम येतोय!"

"कसं ओळखलंत?" मी विचारलं.

"चालीवरनं. माणूस तोंड लपवतोय, चाल न्हाय लपवता येत. आन् आपलं माणूस तर दाराआडूनबी वळखू येतंय."

पेढे मला आणावे लागले. घरी सौ.ला सांगितलं, पारायणाचे आहेत.

*

बारावा भाग संपतो तो असा : आई इस्पितळात, डोळे मिटलेले. उल्कामानव खिडकीतून आत येतो, तिच्या उशाशी उभा राहतो आणि डोळ्यांवरची पट्टी सोडायला हात वर नेतो. खाली शब्द, "क्रमशः".

"घ्या," मॅडम म्हणाल्या. "तारीख पडली."

तेव्हापासून आमच्या टेबलाला दुसरा विषय राहिला नाही. आई ओळखणार की नाही? मी तेरावा भाग शोधत तुळजापूरची रद्दीची दुकानं पालथी घातली, सोलापूरला जाऊन आलो. तेर गावच्या बाजारात एका जुन्या पुस्तकवाल्याला वर्णन सांगितलं, तर तो म्हणाला, "एवढं जुनं असंल तर वर वस्तुसंग्रहालयात इचारा. खापरं ठिवल्यात तिथंच बघा."

*

नवरात्रात मंगेश दर्शनाला म्हणून दोन दिवस आला. मी आदल्या दिवशी पाट हलवायचा ठरवला होता, पण सौ. म्हणाली, पारायण चालू असताना पाट हलवत नाहीत.

मंगेश आला, हातपाय धुतले, आणि आईनं सांगितलं म्हणून पोथीच्या पाया पडायला गेला. फूल वाहताना फडक्याची गाठ सुटली.

मी दारात उभा होतो. पळून जावंसं वाटलं, पण चालीवरून ओळखला गेलो असतो.

त्यानं पहिला भाग उचलला. पान उलटलं. माझी पेन्सिलीची टिपणं वाचली, सहीसकट. मग बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "वरील कोपऱ्यात निळ्या शाईने ३७ असा आकडा आहे."

"आहे ना," मी म्हणालो. काहीतरी बोलायचं म्हणून.

"बाबा, सदतीस माझा हजेरी नंबर होता. आठवी ब."

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या कागदांवरचा ठिपकासुद्धा टिपला. बारा पुस्तकांवर बारा वेळा पोराचा नंबर माझ्या हातानं लिहिला, खाली सही केली, आणि मला कळलं नाही. मला फार लाज वाटली. मी तसं त्याला म्हणालोही, "लाज वाटते रे." एवढंच जमलं.

त्यानं पुस्तकं नीट एकावर एक रचली. मग विचारलं, "बारावा झाला?"

"दोनदा."

"मग?"

"तेरावा मिळत नाही. सगळीकडं बघितलं."

"कसा मिळेल? तुम्ही पेटी दिलीत त्या दिवशी तो माझ्या दप्तरात होता. पुण्याला आहे, कपाटात."

माझ्या तोंडून लहान पोरासारखं निघालं, "मला देशील वाचायला?"

मंगेशनं माझ्याकडं बघितलं. हसला नाही, डोळा मिचकावला नाही, काही नाही.

"आधी मार्क दाखवा," म्हणाला.

*

तेरावा भाग मला अजून मिळालेला नाही. मंगेश म्हणतो, पुस्तक द्यायचं नाही, फोनवर वाचून दाखवणार. दर रविवारी एक पान. चित्रात काय काय आहे तेही सांगतो, आणि सुरुवातीला न चुकता विचारतो, "ओळीनं वाचू का तुमच्या पद्धतीनं?" एका पानाला चाळीस मिनिटं लागतात, कारण मधेच विषय कुठच्या कुठं जातो. सौ. बाजूला बसून ऐकते. पारायण कसलं होतं ते तिला कळलंय. पण सांगता झाल्याशिवाय कांदा-लसूण मिळणार नाही, यावर ती ठाम आहे.

सोमवारी ऑफिसात पोचलो की आप्पा दारातच विचारतात, "वळखलं का?" ते पुढच्या महिन्यात रिटायर होतायत. "पोराला म्हणावं, तारखा देऊ नगा. म्या काय जन्मभर हिथं बसणार हाय का?"

परवाच्या रविवारी आम्ही त्या पानावर पोचलो. उल्कामानवानं पट्टी सोडली. मंगेश सावकाश वाचत होता.

"पुढचं चित्र. फक्त आईचा चेहरा. आई डोळे उघडते. त्याच्याकडं बघते. आणि म्हणते..."

मी फोनकडं सरकलो, सौ.च्या हातातली भेंडी तशीच.

"काय म्हणते?"

"बाबा, गोळी घेतलीत का?"

"घेतली रे! आई काय म्हणते?"

"पुढच्या रविवारी," म्हणाला आणि फोन ठेवला.